आमची वाटचाल : हिरवी टिक आणि रोजचा तोच आकडा

सांगलीच्या गणपती पेठेत एका जिन्याखाली आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलं ते २००४ साली. मी, माझा भागीदार, एक टेबल आणि नॉर्टन घोस्टची, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल (इमेज) काढणाऱ्या सॉफ्टवेअरची, सीडी. भागीदार पुढे पुण्याला नोकरीला गेला, सीडी अजून कपाटात आहे. घोस्टची विक्री २०१३ मध्ये थांबली, पण जुनी इमेज उघडायची तर ती अजून कामाला येते. ज्यांनी त्या काळातल्या इमेज जपून ठेवल्यात त्यांनी सॉफ्टवेअरही जपा. किल्ली हरवलेली तिजोरी काय कामाची?

पुढची आठ वर्षं बरी गेली. फॉर्मॅट, प्रिंटर, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), ३४ एएमसी (वर्षभराच्या देखभालीचे करार). त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते २०१२ चं. मार्केट यार्डातली हळदीची अडत पेढी, मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या मशीनवर मीच बॅकअप लावून दिला होता. रात्री नऊला टॅलीचं डेटा फोल्डर झिप होऊन बाहेरच्या डिस्कवर जायचं आणि शेवटी हिरवी टिक यायची. एप्रिलमध्ये सी ड्राइव्ह भरला म्हणून त्यांच्या अकाउंटंटनं नवीन वर्षाचा डेटा डी ड्राइव्हवर घेतला, टॅलीत पाथ बदलला. आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, हे मी आज कबूल करतो.

सप्टेंबरमध्ये हार्ड डिस्क टक-टक करायला लागली आणि दुपारपर्यंत गप्प झाली. टॅक्स ऑडिटची ३० तारीख तोंडावर. मी मात्र निवांत, जाताना चहा पिऊन गेलो. बॅकअप रिस्टोअर केला, टॅली उघडली. शेवटचं व्हाउचर ३१ मार्चचं.

लॉग उघडला. ६१.४ एमबी. आदल्या रात्री ६१.४. त्याच्या आदल्या रात्री तेच. एप्रिलपासून रोज ६१.४ एमबी आणि पुढे हिरवी टिक. सॉफ्टवेअरनं काही खोटं केलं नव्हतं. दाखवून दिलेलं जुनं फोल्डर ते इमानानं उचलत होतं. ऐन हंगामात रोज सौदे होतायत आणि डेटा एका केबीनंही वाढत नाही, एवढं आम्हाला पाच महिने दिसलं नाही.

डिस्कचं हेड (डेटा वाचणारा भाग) गेलेलं, त्यातून काही निघालं नाही. मग मी, माझी बायको आणि दुकानातली दोन पोरं अण्णांच्या पेढीवर पट्ट्यांचे, म्हणजे सौद्यांच्या कागदी हिशेबांचे, गठ्ठे घेऊन बसलो. १७ रात्री. एक वाचणार, एक टाइप करणार. बिल लावलं नाही. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त रोज अकराला चहा आणि भडंग पाठवत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

बोलला तो पलीकडच्या गल्लीतला. नाव घेत नाही, आमच्याच हाताखाली काम शिकलेला. ‘त्यांचा बॅकअप म्हणजे दाखवायचा नैवेद्य’ असं यार्डभर सांगत फिरला. ११ एएमसी त्यानं नेल्या. आणि लावलं काय तिथं? क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, अपडेट कायम बंद. दुकानाचं भाडं दोन महिने थकलं, बायकोचे दागिने पतसंस्थेत गेले. अण्णांनी मात्र पुढच्या वर्षीची एएमसी आगाऊ दिली. का दिली, हे मी अजून विचारलेलं नाही.

तेव्हापासून आमच्या पोरांना मी टिक बघू देत नाही, आकडा बघायला लावतो. डिस्क भरपूर मोकळी असून मोठी फाइल ४ जीबीला अडली तर आधी डिस्क एफएटी-३२ या जुन्या फॉर्मॅटमध्ये आहे का बघा, असेल तर एनटीएफएस करा. फक्त आतला माल आधी दुसरीकडे काढा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सी-५ चा (वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा वाढत असेल तर त्या डिस्कचा भरवसा सोडा. पण सी-७ (डेटा नेताना झालेल्या चुका) वाढत असेल तर पहिल्यांदा साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, बदला. शंभर-दीडशेच्या केबलपायी चांगल्या डिस्क भंगारात गेलेल्या मी बघितल्यात. बॅकअप मध्येच व्हीएसएसची (चालू फाइलींची प्रत घेणाऱ्या विंडोजच्या सेवेची) एरर देऊन थांबला तर कमांड प्रॉम्प्टमध्ये रायटर्सची, म्हणजे त्या सेवेला साथ देणाऱ्या भागांची, यादी काढा, कोणता फेल आहे ते तिथंच कळतं. आणि डिस्क कायम मशीनला लटकवून ठेवू नका. रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आला की तीही कुलूपबंद होते.

बॅकअपचं सॉफ्टवेअर कोणतं, हे रोज कोणीतरी विचारतं. मॅक्रियमची फुकट आवृत्ती बंद झाली, व्हीमचा फुकट एजंट एकट्या मशीनला चांगला चालतो. पण मी आधी विचारतो, त्यातून दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघितलंय का? नसेल तर नाव सांगून उपयोग नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं, आमचं दुकान बुडालं. अण्णांची दुसरी डिस्क त्यांच्या विश्रामबागच्या घरी कोरडी होती. पलीकडच्याचं काय झालं ते यार्डाला माहीत आहे.

अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी गेलो की गठ्ठ्यातून एखादी जुनी पट्टी ओढतात आणि म्हणतात, ‘ही दाखव.’ माझ्या लॅपटॉपवर, बॅकअपमधून. मागच्या वेळी चार मिनिटं लागली. अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.