ईईसीपी, कोलेस्टेरॉल आणि रक्तवाहिनीचं अस्तर : माझा अनुभव

बायपासनंतर बरीच वर्षं बरी गेली आणि मग छातीतलं आवळणं परत सुरू झालं. जेवण करून जरा चालायला निघालो की थांबायचं, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची, कोणी ओळखीचं दिसलं तर दुकानाची पाटी वाचतोय असं दाखवायचं. अँजिओग्राफीत दिसलं की जोडलेल्या वाहिन्यांपैकी एकच धड चालू आहे. मूळच्या वाहिन्या पुढे इतक्या बारीक झाल्यात की स्टेंट टाकायला जागा नाही. दुसऱ्या बायपासला सर्जननी सरळ नकार दिला. तेव्हा आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ईईसीपीचं नाव काढलं, म्हणजे एन्हान्स्ड एक्स्टर्नल काउंटरपल्सेशन, ठोक्याच्या तालावर पाय आवळून रक्त वर ढकलणारं यंत्र. "ब्लॉकेज जाणार नाहीत, दुखणं कमी व्हायची शक्यता चांगली आहे," एवढंच ते म्हणाले. मला ते वाक्य आवडलं, कारण त्यात आश्वासन कमी होतं.

आमच्याकडे कोलेस्टेरॉल वारशाने आलेलं आहे. वडील पन्नाशी ओलांडून लगेच गेले, काकाही तसेच. मी ना तूप खाणारा, ना जाडा. तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कायम वर. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, पूर्ण डोसात घेऊनही ते ११८च्या आसपास अडकलं होतं. माझ्यासारख्या एकदा बायपास झालेल्या माणसाला ते ५५च्या खाली हवं, असं हल्ली सांगतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं या आकड्याशी जोडलेलं आहे.

घर साताऱ्याला, उपचार पुण्यात. आठवड्यातले पाच दिवस, रोज एक तास, एकूण पस्तीस तास, म्हणजे सात आठवडे, हा याचा ठरलेला कोर्स. रोज ये-जा शक्य नव्हती, म्हणून मुलीकडे धायरीला मुक्काम हलवला. जावई भला माणूस आहे, पण सात आठवडे सासरा घरात म्हणजे त्याचीही एक थेरपीच.

आधी तपासण्या. या टप्प्याकडे लोक कंटाळून बघतात, पण खरी गाळणी इथेच लागते. महाधमनीची झडप गळकी नाही ना, हे इकोत बघितलं, कारण हे यंत्र रक्त उलट हृदयाकडे ढकलतं आणि झडप गळत असेल तर तो भार हृदयावरच येतो. पायाच्या शिरांत गुठळी नाही ना, यासाठी डॉप्लर. पोटातली महाधमनी फुगलेली नाही ना, यासाठी सोनोग्राफी. ठोके नियमित आहेत का, बीपी आटोक्यात आहे का, रक्त पातळ करायच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. यातलं काहीही न बघता "उद्यापासून या" म्हणणारं केंद्र भेटलं तर उठून यावं. मला एक भेटलं होतं. तिथल्या पत्रकावर 'नैसर्गिक बायपास' आणि 'ब्लॉकेज विरघळवा' असं लाल अक्षरात छापलेलं होतं. मी पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि डॉक्टरांनी सुचवलेल्या दुसऱ्या ठिकाणी गेलो.

पलंग साधाच. पोटऱ्या, मांड्या आणि कमरेखाली नितंबांभोवती हवेचे रुंद पट्टे, छातीवर ईसीजीचे तीन चिकट बटणं, बोटाला नाडी दाखवणारी चिमटी. आत घट्ट विजार घालायची, तीही सुरकुती न ठेवता. नाहीतर कातडी सोलवटते. टेक्निशियन मुलगी रोज पहिलं वाक्य एकच बोलायची, "काका, आधी लघवीला जाऊन या." मी एकदा "आत्ताच जाऊन आलोय" म्हणालो, तर ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात आणि मग अर्ध्यात उठतात." पायातलं रक्त वर ढकललं जातं, मूत्रपिंडांकडेही जास्त जातं, त्यामुळे ती घाई खरीच होते.

यंत्र सुरू झालं की ईसीजीवरून ठोका ओळखतं. हृदय आकुंचन पावून सैल पडायला लागलं की आधी पोटऱ्यांचे पट्टे फुगतात, क्षणार्धात मांड्यांचे, मग वरचे. रक्त खालून वर पिळलं जातं. पुढचा ठोका पडायच्या आत तिन्ही जोड्यांतली हवा एकदम सुटते, म्हणजे हृदयाला पुढचं रक्त सोडताना समोर रोध कमी मिळतो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते बहुतेक करून तो सैल असतानाच. नेमकी तीच वेळ हे यंत्र पकडतं. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर तासाभरात चार हजारांच्या वर आवळणी होतात. प्रत्येक आवळणीला माणूस पलंगावर उडतो. पट्ट्यांतला दाब पहिल्या काही दिवसांत हळूहळू चढवत पाऱ्याच्या २६० ते ३०० मिलिमीटरपर्यंत नेतात. दुखत नाही, पण आरामही नाही. पहिल्या आठवड्यात मांड्या ठणकायच्या. नंतर चक्क डुलकी लागायला लागली, यावर घरात कोणाचा विश्वास बसेना.

पडद्यावर नाडीची लाट दिसते. एरवी तिला एक मोठा उंचवटा असतो. यंत्र चालू असताना त्याच्यामागे दुसरा उभा राहतो. तो दुसरा पहिल्याइतका किंवा त्याहून मोठा व्हावा म्हणून ती मुलगी फुगवण्याची वेळ मागेपुढे सरकवायची. ते बघत पडण्यात माझा वेळ जायचा.

आता अस्तराकडे येतो, कारण मला या सगळ्यात खरा रस तिथे वाटला. माझी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. वाहिनीला आतून थर चढतो, प्रवाह कमी होतो, मग थर खरवडा नाहीतर पाइप बदला, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. रक्तवाहिनीबद्दल सगळे याच भाषेत बोलतात, आणि तिथेच गफलत होते. लोखंडी पाइपला आतून काय वाहतंय याची खबर नसते. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला मात्र पेशींचा एकेरी थर असतो, एंडोथेलियम, आणि रक्त आपल्यावरून किती जोरात घासून जातंय हे त्याला कळतं. घर्षण चांगलं असेल तर त्या पेशींतलं एक विकर (एन्झाइम) नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतं, भिंतीतला स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते आणि आतला पृष्ठभाग चिकट होत नाही. अस्तर शाबूत असेल तरच वाहिनी अशी सैल पडते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८०मध्ये दाखवलं. पुढे १९९८मध्ये त्यांना, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना या वायूच्या कामाबद्दल नोबेल मिळालं.

कोलेस्टेरॉल वाढलं की पहिला मार या थराला बसतो, ब्लॉकेज दिसायच्या कितीतरी आधी. एलडीएल भिंतीत शिरतं, तिथे त्याचं ऑक्सिडेशन होतं, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी त्याला धरून आत घुसतात आणि चरबी गिळून फुगतात. एलडीएल सगळीकडे सारखंच वाहत असतं, तरी थर ठरावीक जागीच जमतो: फाटे फुटतात तिथे, वळणांवर, जिथे प्रवाह मंद होतो किंवा भोवरे घेतो. म्हणजे घर्षण कमी तिथे रोग जास्त. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो होतो.

तर पायांवरून पिळलेल्या रक्ताचा वेग या अस्तराला व्यायाम घडवतो का, हा प्रश्न. चीनमध्ये ग्वांगझूच्या संशोधकांनी हे डुकरांवर तपासलं आणि २००७मध्ये छापलं. पस्तीस डुकरं, काहींना साधा आहार, बाकीच्यांना भरपूर कोलेस्टेरॉलचा, आणि त्यातल्या काहींना वर ईईसीपी. यंत्र चालू असताना भिंतीवरचं घर्षण जवळपास दुप्पट झालं. ईईसीपी मिळालेल्या डुकरांत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर जास्त सापडलं आणि वाहिनीचा आतला थर कमी जाड झाला. माणसांवरचा अभ्यास अमेरिकेत फ्लोरिडात झाला, २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयदुखीचे ४२ रुग्ण, काहींना खरा दाब, काहींना नावापुरता. खऱ्या गटात प्रवाह वाढल्यावर दंडाची वाहिनी रुंदावण्याची क्षमता निम्म्याहून जरा जास्त सुधारली, मांडीची तीस टक्क्यांनी, आणि वाहिनी आवळणारं एंडोथेलिन पाव हिश्शाने उतरलं. गंमत बघा, दंडाला पट्टा नसतोच. तरी फरक तिथे दिसला, म्हणजे परिणाम फक्त पायांपुरता नाही.

पण अभ्यास छोटे आहेत, आणि डुक्कर ते डुक्करच. अस्तर सुधारलं म्हणजे अटॅक टळला, असं या आकड्यांतून निघत नाही. ईईसीपीच्या १९९९च्या मोठ्या चाचणीतही, जिच्यात सात केंद्रांतले १३९ रुग्ण होते, मोजलं गेलं ते दुखण्याची वारंवारता आणि ट्रेडमिलवरची सहनशक्ती. माझ्या डॉक्टरांचं मोजकं बोलणं त्या मर्यादेत बसतं, लाल अक्षरातलं पत्रक बसत नाही.

माझ्यानंतरच्या वेळेला एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर यायचे, गप्पिष्ट. एक दिवस पट्टे सोडता सोडता म्हणाले, "मी स्टॅटिन बंद केली बघा. आता मशीनच साफ करतंय म्हटल्यावर गोळीचं काम काय?" मी म्हणालो, "साहेब, मशीन रक्तातलं कोलेस्टेरॉल काढत नाही. अस्तराला जरा बळ देतंय म्हणा, पण वरून एलडीएलचा मारा चालूच राहिला तर ते किती दिवस टिकणार?" त्यांना पटलं नाही. "तुम्ही डॉक्टर आहात का?" त्यांनी विचारलं, आणि त्यात चूक काही नव्हतं. मी टेक्निशियनला सांगितलं, तिने आतल्या डॉक्टरांना, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची चांगली अर्धा तास शाळा घेतली गेली. गोळी परत सुरू झाली. माझ्याशी मात्र ते आठवडाभर बोलले नाहीत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. खर्च मोठा आहे आणि सगळा खिशातून गेला. विमा कंपनीने दावा नाकारला, कारण रुग्णालयात दाखल झालो नव्हतो. आधी लेखी विचारून घ्या, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

फरक मला तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जाणवला. धायरीतल्या चढाला थांबावं लागलं नाही, आणि हे घरी येऊन चहा पिताना लक्षात आलं. कोर्स संपल्यावर साताऱ्याला 'चार भिंती'च्या टेकडीवर चढून गेलो. मध्ये दोनदा बसलो, पण दम लागला म्हणून, छाती आवळली म्हणून नाही. सॉर्बिट्रेट खिशात असते, डबी मात्र महिनोन् महिने पुरते. हे किती टिकेल, ते बघायचं. काहींना पुढे पुन्हा कोर्स घ्यावा लागतो.

आणि लिपिडचा अहवाल? शेवटच्या आठवड्यात केला, एलडीएल ११६. म्हणजे यंत्राने त्याला हातही लावला नव्हता, आणि लावणं त्याचं कामही नव्हतं. डॉक्टरांनी स्टॅटिनला एझेटिमाइबची जोड दिली. आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं ती कमी करते. पुढच्या तपासणीत आकडा ८९ आला. तरीही ५५ झाला नाही, तर इंजेक्शनचा विचार करू म्हणालेत.

वारशाचं कोलेस्टेरॉल असेल तर मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी असते, असं त्यांनी जाता जाता सांगितलं आणि मुलीला विचारलं, "तुमचं कधी तपासलंय?" तिने कधीच तपासलं नव्हतं, वय चाळीस, तब्येत ठणठणीत, तर कोण तपासतंय. त्याच आठवड्यात रक्त दिलं. एलडीएल २०४ निघालं. आता तिचीही गोळी सुरू आहे, आणि नातवाचं रक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत द्यायचं ठरलंय.