एक 'न' आणि माझी दुपार

आज दुपारभर एकच काम केलं: ऑफिसातल्या सांबाच्या टिपणांचं शुद्धलेखन. सांबा म्हणजे नाच नव्हे हो, लिनक्स सर्व्हरवरचे फोल्डर विंडोजवाल्यांना उघडता यावेत म्हणून असतं ते सॉफ्टवेअर. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेलने ते सुरू केलं. फोल्डर वाटून घ्यायच्या ज्या पद्धतीवर ते चालतं तिचं नाव एसएमबी; एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारा शब्द डिक्शनरीत शोधताना हे नाव सापडलं म्हणे.

टिपणं चार वर्षांपूर्वी मीच लिहिलेली, त्यामुळे शिव्या घालायलाही कोणी नाही. सांबाच्या 'गेस्ट ओके' या सेटिंगला 'येस' दिलं की 'पासवर्ड टाकता फोल्डर उघडतो', असं मी लिहून ठेवलंय! 'न टाकता' हवं होतं. एक 'न' गळला आणि सताड उघडं दार कुलूपबंद वाटायला लागलं.

पुढे 'रीड ओन्ली = नो'. म्हणजे फाईल फक्त वाचायची नाही, तर तीत लिहिताही येतं. त्याचाच उलटा भाऊ 'रायटेबल = येस', अर्थ तोच. हे दुहेरी नकार समजावताना मी 'येत नाही असे नाही' असलं काहीतरी लिहून ठेवलं होतं. तीनदा वाचलं, तिन्ही वेळा वेगळा अर्थ लागला. शेवटी सगळं खोडून 'लिहिता येते' एवढंच ठेवलं.

संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या काकांना वाचायला दिलं. पहिल्याच पानावर बोट ठेवून म्हणाले, "मार्गदर्शीका? दुसरी वेलांटी?"