तुम्ही विचारलंत म्हणून: गोलमो आणि पेकमची आंटी

"घराजवळ गुजराती दुकान असताना दोन बस बदलून पेकमला कशाला जातेस?" लंडनमध्ये ओळखीचं मराठी माणूस भेटलं की हा प्रश्न येतोच.

गोलमोसाठी जाते. मी वेंगुर्ल्याची. पावसात होड्या किनाऱ्याला लागल्या की आमच्या घरात सुक्या मासळीवरच दिवस निघायचे, आणि गोलमो, म्हणजे तो बारीक सुका जवळा, डब्यात कायम असायचा. घराजवळच्या दुकानात डाळी, पिठं, लोणची, अगदी मेथीची जुडीसुद्धा मिळते. सुकी मासळी मात्र ते ठेवत नाहीत.

पेकममधल्या राय लेन या रस्त्यावरच्या एका नायजेरियन दुकानात पहिल्यांदा शिरले ती भाजीची केळी घ्यायला. दारातच वास आला आणि पाय थबकले. आठवडी बाजाराच्या शेवटच्या टोकाला, सुक्या मासळीवाल्या बायका बसतात तिथला तो वास. फळीवर पाकिटं होती, वर लिहिलेलं 'क्रेफिश', आत मात्र आपला जवळाच. जरा लालसर, धुरावर वाळवलेला. गल्ल्यावरच्या आंटीला विचारलं, हे करतात कसं? ती म्हणाली, कुटून एगुसीत घालायचं. एगुसी म्हणजे कलिंगडासारख्या एका फळाच्या बिया. त्या वाटून, लाल पाम तेलात परतून रस्सा दाट करतात. आपण खोबरं वाटतो, तसंच.

पुढच्या खेपेला मी तिच्यासाठी कांदा, ओलं खोबरं आणि सोलं, म्हणजे आमसुलं, घालून केलेला गोलमो डब्यातून नेला. तिने गिऱ्हाईक थांबवून, उभ्या उभ्याच खाल्ला. मग सोलं बोटांत धरून विचारलं, हे आंबट काय आहे?

त्या दिवशी तिने मला लाकडासारखा कडक एक मासा दाखवला. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन बेटांवर कॉड मासा मिठाशिवाय, नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवतात, तो हा. ती इग्बो, म्हणजे नायजेरियातल्या एका मोठ्या समाजातली. त्यांच्यात याला ओकपोरोको म्हणतात. भांड्यात शिजताना होणाऱ्या आवाजावरून नाव पडलं, असं ती सांगते. १९६७ ते १९७० च्या नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धात माणसं उपाशी मरत होती, तेव्हा मदतीच्या धान्याबरोबर हा मासाही पोचला होता. हे सांगताना तिचा हात त्या माशावरच होता. मी तो घेतला, रात्रभर भिजवला आणि तिरफळं घालून आमटी केली. तिरफळांचा वास त्याला फार छान लागतो.

बाकी तिथे गारी मिळते, कसाव्याचा कंद किसून, आंबवून, भाजलेली. आपला उपासाचा साबुदाणाही त्याच कंदाचा. सोललेली चवळीही घेते; ती भिजवून वाटायची, कांदा-मिरची घालून तळायची, की अकारा झाले. चवळी मुळात आफ्रिकेतलीच, त्यामुळे तिचे वडे त्यांच्याकडून शिकावेत.

आणि थंडीत जाल तर पाम तेलाची बाटली गोठलेली बघून परत ठेवू नका. खोबरेलासारखंच ते, कोमट पाण्यात ठेवलं की सुटतं.

येत्या शनिवारी जाणार आहे. आंटीने सोलं मागितली आहेत, ती न्यायची आहेत. कोणाला गोलमो हवा असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा आणि घ्यायला येताना घट्ट झाकणाचा डबा आणा.