तुम्ही विचारलंत म्हणून: बरी झालीस, मग अजून तिथे कशाला जातेस?

‘बरी झालीस ना आता? मग अजून त्या कॅन्सरवाल्या बायकांत कशाला जातेस?’ नाशिकची मावशी फोनवर हेच विचारते. इथे कॅनडात, व्हँकुव्हरला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी ना कोणी विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत, जरा आडवळणाने: ‘जुनं सगळं सारखं आठवून त्रास नाही का होत?’ एरवी मी ‘व्यायाम होतो हो’ म्हणून विषय संपवते. व्यायाम होतो हे खरंच आहे, पण तेवढ्यासाठी कोणी जानेवारीच्या पावसात ओल्या बाकावर जाऊन बसत नाही. घराजवळच्या कम्युनिटी सेंटरात ट्रेडमिल आहे, आणि तिथे डोक्यावर छप्परही आहे.

तर या वेळी नीट सांगते. मला स्तनांचा कॅन्सर झाला होता, आणि मी जाते ती ड्रॅगन बोट नावाची होडी वल्हवायला.

आधी होडी समजून घ्या. ड्रॅगन बोट साधारण साडेबारा मीटर लांब असते आणि रुंदीला दोन माणसं शेजारी शेजारी जेमतेम बसतील एवढी. दहा बाकं, प्रत्येकावर दोघं, म्हणजे वल्हवणारे वीस. पुढे टोकाला, आमच्याकडे तोंड करून बसलेली ढोलवाली. मागे उभं राहून लांब सुकाणू सांभाळणारी एकजण. ड्रॅगनचं तोंड आणि शेपूट शर्यतीच्या दिवशी लावतात, सरावाला साधी होडीच असते. केरळातली वल्लमकळी, म्हणजे होड्यांची शर्यत, टीव्हीवर पाहिली असेल, तर अंदाज येईल. तिथल्या मोठ्या होड्यांत शंभराच्या आसपास माणसं असतात, आमच्याकडे वीस. वल्हं कशाला अडकवलेलं नसतं, दोन्ही हातांत मोकळं असतं, आणि विसाही वल्ही एकाच क्षणी पाण्यात जावी लागतात. एकटीने जास्त जोर लावून काही होत नाही. उलट जोरकस पण ताल सोडून मारणारी बाई होडीला मागेच ओढते. डावी-उजवीकडचं वजनही जुळवावं लागतं. एकजण आली नाही, तर कोच निम्मी होडी उठवून पुन्हा बसवते.

खेळ मूळचा चीनमधला. पाचव्या चांद्र महिन्याच्या पंचमीला, मिलुओ नदीत जीव दिलेल्या च्यू युआन या कवीच्या आठवणीत या शर्यती होतात, अशी परंपरा सांगतात. व्हँकुव्हरला त्या आल्या १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाच्या, ‘एक्स्पो ८६’च्या निमित्ताने. हाँगकाँगहून सागवानी होड्या आल्या, फॉल्स क्रीकच्या खाडीत उतरल्या आणि खेळ इथे रुजला. आजही आम्ही त्याच खाडीत सराव करतो. प्रदर्शनासाठी बांधलेला तो मोठा चंदेरी घुमट समोर दिसतो. हल्ली तिथे सायन्स वर्ल्ड हे विज्ञान-संग्रहालय आहे.

आता या खेळाचा आणि स्तनांच्या कॅन्सरचा संबंध. तोही याच गावात जुळला.

कॅन्सरच्या ऑपरेशनात बऱ्याच जणींच्या काखेतल्या लसिका ग्रंथी काढाव्या लागतात. माझ्याही काढल्या, डाव्या बाजूच्या. या ग्रंथी गेल्या की हातातला द्रव परत वाहून नेणारी वाट अरुंद होते आणि काही जणींचा हात सुजतो, जड होतो. याला लिम्फिडीमा म्हणतात. एकदा जडला की तो सहसा पुरता जात नाही. या भीतीपोटी वर्षानुवर्षं बायकांना एकच सल्ला मिळायचा: त्या हाताने जड उचलू नका, पुन्हापुन्हा तीच जोराची हालचाल करू नका. मलाही मिळाला. धाकट्या बहिणीने तर भारतातून यादीच पाठवली. बाजाराची पिशवी नाही, कणीक मळणं नाही, भांडी घासणं नाही. यादी वाचून माझा नवरा मुकाट्याने कणीक मळायला शिकला, हा त्या यादीचा एकमेव फायदा.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉक्टर डॉन मॅकेंझी यांना हा सल्ला पटत नव्हता. स्नायू आखडले-सैलावले की तोच द्रव पुढे ढकलला जातो, मग हळूहळू, शिस्तीत वाढवत नेलेला व्यायाम अपाय का करेल, असा त्यांचा प्रश्न. तपासायला त्यांनी मुद्दाम असा खेळ निवडला की ज्यात वरच्या अंगाची जोराची हालचाल पुन्हापुन्हा होते. १९९६ मध्ये त्यांनी २४ बायका जमवल्या. आधी जिममध्ये तयारी, मग पाण्यात, आणि जूनमध्ये त्या थेट व्हँकुव्हरच्या ड्रॅगन बोट महोत्सवात उतरल्या. त्यांच्या संघाचं नाव ‘अब्रेस्ट इन अ बोट’. त्या सगळ्यांत लिम्फिडीमाचा एकही नवा रुग्ण आढळला नाही, आणि ज्यांना आधीपासून होता त्यांचाही बळावला नाही. १९९८ मध्ये मॅकेंझींनी हे कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये लिहिलं. २४ जणी म्हणजे काही मोठा अभ्यास नव्हे. पण पुढे २००९ मध्ये अमेरिकेत, लिम्फिडीमा असलेल्या १४१ बायकांवर वजनं उचलण्याचा रीतसर अभ्यास झाला, तेव्हाही वजन टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या बायकांच्या हाताची सूज वजनं न उचलणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली नाही. उलट त्यांचा त्रास उफाळून येण्याचं प्रमाण कमी झालं. माझ्या बहिणीला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘असेल, पण तू जप.’

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. अभ्यास संपला, माहिती गोळा झाली, म्हणजे खरं तर वल्ही ठेवून घरी जायचं होतं. त्या बायका गेल्याच नाहीत. त्यांनी संघ चालूच ठेवला. आज जगात असे दोनशेहून जास्त संघ आहेत, तीसहून जास्त देशांत. दर काही वर्षांनी त्यांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो. २०१८ ला फ्लॉरेन्सला आर्नो नदीवर भरला, २०२३ ला न्यूझीलंडमध्ये करापिरो सरोवरावर. आता तुम्हीच सांगा, त्या चोवीस जणींना कोणी ‘काम झालं ना, मग अजून कशाला जाता?’ म्हणून विचारलं असेल की नाही?

आमचा क्लब मात्र असा इतिहास घेऊन सुरू झाला नाही. तो शेजारपाजारच्या लोकांचा हौशी क्लब होता. बँकेतले, शाळेतले, दोन निवृत्त नर्स, एक प्लंबर. वीस माणसं कधीच पुरी व्हायची नाहीत. कॅन्सर झालेल्या बायकांच्या ज्या संघात मी होते, त्याचीही तीच रड. कोणाचं केमो चालू, कोणाचं स्कॅन, कोणाच्या घरी नातवंडं आलेली. बारा जणींना घेऊन वीस जणांची होडी चालवायची म्हणजे रिकामी बस ढकलण्यासारखं. दोन अर्ध्या होड्यांपेक्षा एक भरलेली बरी, या हिशेबाने दोन्हीकडच्यांनी मंगळवारचा सराव एकत्र सुरू केला. यात उदात्त काहीच नव्हतं. भाडं अर्धं झालं.

आणि मग माणसं वाढायला लागली. का वाढली, यावर क्लबात मतभेद आहेत. काही म्हणतात फेसबुकमुळे, काही म्हणतात कोचमुळे. माझं मत असं की प्लंबरच्या बायकोला कॅन्सर झाला तेव्हा तिला कुठे शोधत जावं लागलं नाही. ज्या होडीत नवरा बसायचा, त्याच होडीत तिला तिच्यासारख्या पाच जणी आधीच ओळखीच्या होत्या. तिने तिची जाऊ आणली, जावेने ऑफिसातली मैत्रीण आणली. यातल्या निम्म्यांना कॅन्सर नव्हता. म्हणजे तुमच्या प्रश्नातच एक गफलत आहे पाहा: मी ‘कॅन्सरवाल्या बायकांत’ जात नाही. मी ज्या होडीत जाते, त्यातल्या कोणाला झालेला आहे आणि कोणाला नाही, हे नव्या माणसाला बघून ओळखता येत नाही. आमच्यात एक सत्तरीचे गृहस्थ आहेत, सगळे समजतात की बायकोला सोडायला येतात. स्तनांचा कॅन्सर त्यांना झाला होता. पुरुषांनाही होतो, क्वचित का होईना.

पैशांचं विचाराल तर तो वेगळाच तमाशा. होडीचं भाडं, धक्क्याचं भाडं, विमा, लाइफ जॅकेटं. सुरुवातीला आम्ही रिकाम्या बाटल्या गोळा करायचो. इथे बाटली परत दिली की दहा सेंट मिळतात, त्यामुळे रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या गॅरेजमधून बिअरच्या बाटल्या उचलत फिरायचं. मग कोणीतरी ‘मीट ड्रॉ’ची टूम काढली. पबमध्ये शनिवारी दुपारी तिकिटं विकायची आणि सोडतीत लोकांना मांसाची पाकिटं द्यायची, नफा क्लबाला. इथल्या गावागावांत हे चालतं. आयुष्यात अंडं न खाल्लेली मी ‘बेकन कोणाला, बेकन’ करत टेबलाटेबलांवरून हिंडले आहे. मावशीला हे अजून सांगितलेलं नाही, तिला कॅन्सरपेक्षा हे जास्त लागेल.

वाढ म्हटली की भांडण आलंच. माणसं वाढल्यावर क्लबात स्पर्धेला उतरणारा एक वेगाचा संघ तयार झाला आणि त्यांना होडीच्या चांगल्या वेळा हव्या होत्या. वार्षिक सभेत एकाने अगदी सभ्यपणे सुचवलं की ‘आपल्या पिंक संघाला’, म्हणजे आम्हा कॅन्सरवाल्यांना, एक वेगळा, सोयीचा, दुपारचा वेळ द्यावा, म्हणजे ‘त्यांच्यावर ताण येणार नाही’. जोडीला, क्लबाच्या पत्रकावर मुखपृष्ठावर आमचाच फोटो हवा होता, गुलाबी टोप्या घातलेला. म्हणजे फोटोत पुढे आणि सरावाला मागे. तेव्हा आमची खजिनदार, जिची दोन ऑपरेशनं झाली आहेत, उठली आणि तिने विचारलं की सुकाणू धरायला परवाना मिळवलेली क्लबात किती माणसं आहेत. जेवढी होती त्यातली बहुतेक आमच्यातली होती. दुपारी आम्ही गेलो, तर संध्याकाळी तुमची होडी कोण नेणार? ठराव बारगळला. क्लब खरा वाढला तो त्या सभेनंतर, असं मी मानते. कारण त्यानंतर आमच्याकडे कोणी धर्मादाय खात्यासारखं बघितलं नाही. वेगाच्या संघाच्या निवड चाचणीला आमच्यातल्या दोघी बसल्या, त्यातली एक घेतली, एक नाही घेतली. नाही घेतली ती आठवडाभर तणतणत होती, आणि मला ते ऐकून फार बरं वाटलं.

‘योद्धा’, ‘झुंज’, ‘हसत हसत मात’ हे शब्द मला सोसत नाहीत, हेही सांगून टाकते. तुम्ही प्रेमाने म्हणता, मला कळतं. पण ज्या गेल्या त्या काय कमी झुंजल्या?

जातात. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात तेच होतं. माझ्या शेजारी बाकावर बसणारीचा कॅन्सर हाडांत उतरला. शेवटच्या उन्हाळ्यात तिला वल्हं पेलवत नव्हतं, म्हणून ती ढोलावर बसायची आणि आम्हाला भयंकर शिव्या घालायची. ती गेली त्याच्या पुढच्या मंगळवारी कोचने तिच्या जागी एका नव्या मुलीला बसवलं. मला राग आला. पण जागा मोकळी सोडली असती तर होडी माझ्या बाजूला कलली असती आणि सगळ्यांना सरावभर कंबर वाकडी करून बसावं लागलं असतं. ती असती, तर तिने यावरही शिवी घातली असती. महोत्सवात आमच्या शर्यतीनंतर सगळ्या होड्या एकमेकींना लावून उभ्या राहतात, गेलेल्यांसाठी गुलाबी कार्नेशनची फुलं पाण्यात सोडतात. लोक काठावर रडतात. मी तेव्हा सहसा सुकाणूवर असते, आणि वाऱ्यात होड्या एकमेकींवर आपटू न देणं इतकं कटकटीचं असतं की रडायला हात मोकळा नसतो.

जुनं आठवून त्रास होतो का? होडीत आम्ही आजारावर बोलतच नाही. दम लागलेला असतो. बोलणं होतं ते धक्क्यावर, ओले कपडे बदलताना, आणि तेही फार कामाचं: ऑपरेशननंतर द्रव बाहेर काढणारी नळी, ड्रेन, कधी काढतात, टॅमोक्सिफेनच्या गोळ्यांनी सांधे धरतात का, खोट्या केसांचा टोप कुठे स्वस्त मिळतो, नवऱ्याला काय सांगायचं. मला झालं तेव्हा हे विचारायला कोणी नव्हतं. घरचे विचारू देत नाहीत, त्यांच्या डोळ्यांत आधीच पाणी येतं. इथे समोरची मोजे पिळत पिळत सांगते, ‘हो, दोन महिने दुखेल, मग कमी होईल.’ आता ते सांगणारी मी आहे. मी जायची बंद झाले, तर नव्या बाईला ते कोण सांगणार?

दर वसंतात होडी उलटली तर काय करायचं, याची तालीम असते. पोहायला न येणाऱ्या आम्ही बऱ्याच जणी आहोत, लाइफ जॅकेट असतं म्हणून चालतं. नियम असा: वर आलात की आधी शेजारणीला शोधायचं, ती दिसली की मगच होडीला धरायचं, आणि पुढच्या बाकापासून एकेकीने आपला आकडा ओरडायचा. वीस होईपर्यंत कोणी काठाकडे जायचं नाही. मावशीला परवा हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘अगंबाई, म्हणजे बुडतासुद्धा?’

तुम्ही निघताना हळूच म्हणालात की वहिनींचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. मला वाटतं, सगळा प्रश्न त्यासाठीच होता. तर असं करा: आधी त्यांच्या डॉक्टरांना आणि फिजिओला विचारा, खांदा पुरता वर जातो का ते बघू द्या, आणि त्यांनी कॉम्प्रेशन स्लीव्ह, म्हणजे हाताला घालायची घट्ट बाही, सांगितली असेल तर ती बरोबर असू द्या. नव्यांसाठी शनिवारी सकाळी नऊला होडी काढतो. पहिल्या दिवशी शर्यत वगैरे काही नाही, फक्त ताल धरायचा आणि दमलं की वल्हं मांडीवर ठेवायचं. पार्किंग फार महाग आहे, स्कायट्रेनने, म्हणजे इथल्या मेट्रोने या, सायन्स वर्ल्डला उतरा. मोज्यांचा एक जादा जोड आणा. आणि त्यांना यायचं नसेल, तर तुम्ही या. या शनिवारी डाव्या बाजूला दोघं कमी आहेत.