टपावर बसल्यासारखं

“मामा, रिक्षाला ‘इन’ आणि बसला ‘ऑन’? हे कुणी ठरवलं?”

आमच्या नाशिकमध्ये अंबडला मुलाखत, द्वारकेला ट्रॅफिक तुंबलेलं आणि भाची एचआरला उशीर होतोय म्हणून कळवत होती. ‘आय ॲम इन द बस’ लिहिलं. खोडलं. ‘ऑन’ केलं. म्हणे, टपावर बसल्यासारखं वाटतंय! शेवटी ‘कमिंग बाय बस’ पाठवून मोकळी झाली.

ही पळवाट मला जाम आवडली. अडलेला शब्दच गाळायचा! अख्ख्या ऑफिसांचे ईमेल असेच चालत असणार.

ढोबळ नियम आहे म्हणा. ज्यात उभं राहून चालता येतं, त्या बस, ट्रेन, विमानाला ‘ऑन’. वाकून आत शिरावं लागतं, त्या कार-रिक्षाला ‘इन’. पण इंग्रजीवाल्यांचं तरी आपसांत कुठे जमतं? वीकेंडला ब्रिटिश ‘ॲट’ लावतात, अमेरिकन ‘ऑन’. दोघंही बरोबर. आपल्याच पोरांना मात्र एका ‘इन’साठी घाम फुटतो, याचा राग येतो.

आणि आपण काय कमी आहोत? राहतो पंचवटीत, कामाला सातपूरला, भेटायचं सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडवर. गोदावरीकाठी (आमच्याकडे तीच गंगा) जायचं तर ‘गंगेवर जाऊन येतो’, पाण्याला पायही न लावता. कुठल्या शाळेत शिकवलं हे?

नाशिकमध्ये नव्याने आलेल्या कुणाला हे समजावून सांगायची वेळ आलीय का तुमच्यावर? काय सांगितलंत?