अंधारात गुंडाळलेला रोल

रविवार, रात्र

ब्राउनी हॉकआय कॅमेऱ्यात आज अखेर फिल्मचा रोल भरला. आईच्या मामांचा हा काळा ठोकळा. कोडॅकने १९४९ ते १९६१ या काळात असे कॅमेरे काढले. भिंग साधं, फोकस करायची सोयच नाही. बॉडी बेकेलाइट या जुन्या, कडक प्लास्टिकची. त्या बेकेलाइटचे जनक लिओ बेकेलँड यांनी आधी, १८९९ मध्ये, आपला वेलॉक्स हा फोटोचा कागद कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांना विकला होता. पुढे त्याच ईस्टमनच्या कंपनीने बेकेलाइटचे कॅमेरे घडवले, हे मला फार आवडतं.

अडचण रोलची. याला ६२० या मापाचा रोल लागतो आणि कोडॅकने तो १९९५ मध्ये बंद केला. १२० या मापाची फिल्म मात्र रुंदीला तेवढीच; फरक रिळाचा. ६२०च्या रिळाची दांडी बारीक, चकत्या लहान. म्हणून पूर्ण अंधारात १२०चा रोल सोडवून ६२०च्या रिळावर घ्यायचा. एकदा गुंडाळला की तोंड उलटं येतं, म्हणून तिथून पुन्हा दुसऱ्या रिळावर.

फिल्म तिच्या पाठीमागच्या कागदाला एकाच टोकाला चिकटपट्टीने लावलेली असते. दुसऱ्या फेरीत त्या पट्टीपाशी पोचलं की बोटाखाली फुगवटा लागतो. मागच्या वेळी मी तो तसाच दाबला, फिल्मला चुणी पडली आणि पहिली फ्रेम गेली. फार हळहळलो होतो. आज पट्टी सावकाश उचलली, फिल्म सरळ केली, पुन्हा चिकटवली. उचलताना अंधारात निळसर उजेडाची बारीक रेघ चमकली. चिकटपट्टी सुटताना असं होतं हे वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. मी तसाच उभा राहिलो, हातातलं रीळ घट्ट धरून.

मग कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीत बघत बघत किल्ली फिरवली. आधी नुसता कागद सरकला, मग खुणा, मग १ हा आकडा. खिडकीवर काळी पट्टी लावली. हल्लीच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो.

आई म्हणाली, मामा कॅमेरा पोटाशी धरायचे, खाली मान घालून काचेत बघायचे आणि दाबताना श्वास रोखायचे. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. आईला डावीकडे सरकवायचं तर मला उजवीकडे वळावंसं वाटतं.

बारा फोटो आहेत. उद्या ऊन वर आलं की पहिला आईचा, पाच-सहा फुटांवरून.