बेलिफ येईपर्यंत थांबा म्हणणारं काउन्सिल: माझा अनुभव

इंग्लंडमध्ये घरमालकाने नोटीस दिली आणि दुसरं घर भाड्याने परवडत नसलं, तर काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) होमलेसनेस, म्हणजे बेघरांसाठीच्या विभागाकडे जाता येतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि माहीत असलं तरी लाज आड येते. ती बाजूला ठेवा, इतकंच सांगते. अर्ज, कागदपत्रं, मुलाखत हे सगळं आमच्या काउन्सिलमध्ये ठीक पार पडलं. घोडं अडलं ते एका वाक्यावर: ‘कोर्टाचे बेलिफ येईपर्यंत घर सोडू नका, मग आमच्याकडे या.’ बेलिफ म्हणजे कोर्टाच्या हुकमाने घर रिकामं करून घेणारे अधिकारी. त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे खाली त्याचंच पुराण जास्त आहे.

आधी पात्रता. स्किल्ड वर्कर, डिपेंडंट किंवा स्टुडंट व्हिसावर असाल आणि ‘नो पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट असेल, तर होमलेसनेसखाली घर मिळत नाही. माहिती आणि सल्ला मात्र काउन्सिलने कुणालाही फुकट द्यायचा असतो. लहान मुलं असतील तर १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टच्या कलम १७ खाली सोशल सर्व्हिसेसकडे दाद मागता येते, तो रस्ता वेगळा. आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा ब्रिटिश पासपोर्ट असेल तर सहसा अडचण येत नाही. अपवाद म्हणजे बरीच वर्षं भारतात राहून नुकतेच परतलेले लोक: पासपोर्ट ब्रिटिश असला तरी ‘तुम्ही इथे खरोखर स्थायिक आहात का’ हे तपासलं जातं. स्विंडन, साउथहॉलकडच्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोंयकारांनी सेटल्ड (कायमचं) आणि प्री-सेटल्ड (त्याआधीचं, मुदतीचं) या दोन स्टेटसमधला फरक लक्षात ठेवावा. नुसत्या प्री-सेटल्डवर भागत नाही. नोकरी चालू असल्याच्या पे-स्लिप्स सोबत लागतात.

कायदा १९९६ चा हाउसिंग अॅक्ट, भाग ७. काउन्सिलमधले लोक ‘पार्ट सेव्हन’ म्हणतात, तुम्हीही म्हणा. ‘मला पार्ट सेव्हनखाली अर्ज करायचाय’ म्हटलं की ‘घरांची यादी वेबसाइटवर बघा’ हे उत्तर येत नाही. २०१७ च्या होमलेसनेस रिडक्शन अॅक्टमुळे ३ एप्रिल २०१८ पासून ५६ दिवसांचा नियम आला. पुढच्या ५६ दिवसांत बेघर होण्याची शक्यता असेल, तर ते टाळायला मदत करणं काउन्सिलवर बंधनकारक असतं, आणि बेघर झाल्यावर आणखी ५६ दिवस घर शोधायला मदत. यासाठी ते तुमच्यासोबत एक वैयक्तिक आराखडा बनवतात, त्याला पीएचपी (पर्सनलाइज्ड हाउसिंग प्लॅन) म्हणतात. आठवड्याला किती घरं बघायची वगैरे त्यात घालतात. जमणार नसेल ते सही करण्याआधी लेखी कळवा, कारण नंतर ‘सहकार्य केलं नाही’ असं म्हणायला तोच कागद पुढे येतो.

तात्पुरतं घर मात्र सगळ्यांना मिळत नाही. सोबत अल्पवयीन मुलं, गरोदरपण, गंभीर आजार किंवा अपंगत्व, घरातल्या छळामुळे बाहेर पडावं लागणं, असं काही हवं. एकट्या धडधाकट माणसाला आराखडा मिळतो, खोली मिळेलच असं नाही.

आता ते वाक्य. ग्यानबाची मेख अशी, की ते अर्धं खरं आहे. नोटिशीची तारीख उलटली म्हणून तुम्ही त्या घरात बेकायदा ठरत नाही. कोर्टाचा हुकूम आणि बेलिफ याशिवाय मालकाने बाहेर काढलं, तर १९७७ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय गरज नसताना आपण होऊन घर सोडलं, तर ‘जाणूनबुजून बेघर’ असा शिक्का बसू शकतो आणि मग कायमच्या घराची जबाबदारी काउन्सिलवर राहत नाही. म्हणून माणूस घाबरून थांबतो.

थांबण्याची किंमत मात्र कुणी सांगत नाही. मालक कोर्टात जातो. हुकूम झाला की साधारण १४ दिवसांत घर सोडायचं, फारच हलाखी असेल तर न्यायाधीश ४२ दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतो. मग वॉरंट (बेलिफ पाठवण्याचा कोर्टाचा आदेश), मग बेलिफची किमान १४ दिवसांची सूचना. कोर्टाचा खर्च, शेकडो पौंड, बहुतेक वेळा भाडेकरूच्याच माथी. तोवर मालक इतका वैतागलेला असतो की पुढच्या घरासाठी चांगला रेफरन्स विसराच. आणि बेलिफच्या तारखेपर्यंत तात्पुरतं घर कुठे, किती लांब, याचा पत्ता नाही. काउन्सिल असं का करतं? तात्पुरती घरं महाग आहेत, जितके आठवडे तुम्ही जुन्या घरात काढाल तितका खर्च वाचतो. काउंटरपलीकडच्या पोरीचा यात दोष नसतो, ती वरून आलेलं वाक्य म्हणते.

पण काउन्सिलने ज्या मार्गदर्शिकेचा विचार करणं बंधनकारक आहे, त्या होमलेसनेस कोड ऑफ गायडन्सच्या सहाव्या प्रकरणात (६.३५ पासून पुढे वाचा) हे सरळ लिहिलंय. नोटीस वैध असेल, मालक माघार घेणार नसेल आणि कोर्टात तुमच्याकडे बचाव नसेल, तर मुदतीनंतर त्या घरात राहणं वाजवी असण्याची शक्यता कमी. वॉरंट निघेपर्यंत थांबणं तर वाजवी धरूच नये. मार्गदर्शिका कायद्याइतकी पक्की नसते. पण तिच्याविरुद्ध जायचं तर काउन्सिलला कारण द्यावं लागतं.

म्हणून फोनवर वाद घालू नका. ईमेल करा आणि तीनच प्रश्न विचारा. नोटीस तुम्ही वैध मानता का? मालकाशी बोललात का, आणि तो मुदत वाढवणार आहे का? मुदत संपल्यावर मी इथे राहणं वाजवी आहे असा तुमचा निर्णय असेल, तर तो कारणांसह लेखी द्याल का? शेवटी पार्ट सेव्हनच्या कलम १८४ खाली लेखी निर्णय हवा असं लिहा. तोंडी ठामपणे बोलणारी माणसं लेखी म्हटलं की सूर बदलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या फाइलवर अचानक मालकाला फोन गेल्याची नोंद झाली. तो घर विकणार, मुदत वाढवणार नाही, हे त्याच्या ईमेलमध्ये आलं आणि गाडी पुढे सरकली. निर्णय विरोधात आला तर २१ दिवसांत कलम २०२ खाली फेरतपासणी मागायची. हे २१ दिवस चुकवू नका.

पहिल्या प्रश्नाचा आणखी एक फायदा. आमची नोटीस जुन्या कलम २१ ची, म्हणजे कारण न सांगता घर खाली करायला लावणारी होती. डिपॉझिट ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवलं नसेल किंवा गॅसचं सर्टिफिकेट दिलं नसेल, तर ती नोटीस कोर्टात टिकत नाही आणि तुम्हाला आयता वेळ मिळतो. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये कलम २१ ची नवी नोटीस देता येत नाही, मालकाला कलम ८ चं कारण दाखवावं लागतं. घर विकायचंय म्हणून काढत असेल तर चार महिन्यांची नोटीस लागते. बेलिफचं पालुपद मात्र तिथेही ऐकायला मिळेल.

कोर्टापर्यंत गेलंच तर सरकारी खर्चाने फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. ऑगस्ट २०२३ पासून ही सोय आहे. कोर्टाचा कागद आला की लगेच विचारा. शेल्टर या संस्थेची फुकट हेल्पलाइनही चांगली आहे, रांगेत धीर धरावा लागतो एवढंच.

व्हिसाचं स्टेटस दाखवायला जो शेअर कोड काढतात, त्याचं वर राहिलंच. बीआरपी कार्डं (व्हिसाची ओळखपत्रं) बंद झाल्यापासून स्टेटस ऑनलाइन दाखवायचं असतं. नोकरीसाठी काढलेला कोड ‘डब्ल्यू’ने सुरू होतो, भाड्याच्या घरासाठीचा ‘आर’ने. काउन्सिलला ‘एस’ने सुरू होणारा लागतो, तो ‘समथिंग एल्स’ निवडल्यावर येतो. चुकीचा कोड दिला तर अर्ज नुसता पडून राहतो, कुणी कळवत नाही.

भाडं शेवटच्या दिवसापर्यंत बँकेतूनच भरा. थकबाकी दिसली की ‘जाणूनबुजून’ची चर्चा सुरू होते.

शेवटी जे घर देतील ते पटलं नाही, शाळा लांब पडली, तरी नकार देऊ नका. कायमस्वरूपी जबाबदारीखाली दिलेलं घर आधी स्वीकारायचं आणि राहायला गेल्यावर फेरतपासणी मागायची. नकार दिला आणि घर योग्य ठरलं, तर सगळंच हातचं जातं. मुलं असलेल्या कुटुंबाला खाजगी बी अँड बीमध्ये (लॉजसारख्या जागेत) सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सातवा आठवडा लागला तर तारखेसकट ईमेल टाका.

सामान ठेवायला जागा नसेल तर ते सांभाळण्याची व्यवस्थाही काउन्सिलकडे मागता येते, पैसे आकारू शकतात. आणि फाइलमध्ये आपल्याबद्दल काय लिहिलंय हे बघायचं असेल तर सब्जेक्ट अॅक्सेस रिक्वेस्ट करा. फी नाही, सहसा महिन्याभरात द्यावं लागतं. आईवडिलांची मुलाखत असेल तर मराठी दुभाषा आधीच लेखी मागून ठेवा, नाहीतर हिंदीवर भागवलं जातं आणि औषधांची नावं, तारखा यांत घोळ होतो.